चढावर दम लागणारी गाडी

थोंगयोयची गाडी सपाटीवर राजासारखी चालायची आणि घाटातल्या दुसऱ्या वळणावर तिचा जीव जायचा. पंधरा-सोळा मिनिटं अगदी एका सुरात. मग कुणीतरी गळा धरावा तसा आवाज बारीक व्हायचा, मूठ कितीही पिळली तरी वेग वाढायचा नाही, दोन आचके आणि गप्प. थोंगयोय उतरायचा, चाकामागे दगड लावायचा, टाकीचं झाकण उघडून आत डोकवायचा. पेट्रोलचा काटा गेली दहा वर्षं एकाच जागी उभा होता, त्यामुळे डोळ्यांनी बघण्याला पर्याय नव्हता. पेट्रोल भरपूर असायचं. झाकण लावून किक मारली की गाडी सुरू, जणू काही झालंच नाही. पुन्हा सात-आठ मिनिटांनी तेच नाटक.

नुसती मोटारसायकल असती तर त्याने रस्त्याकडेला बसून विडी ओढली असती. पण तिच्या बगलेला तिसऱ्या चाकाचा गाडा जोडलेला होता आणि गाड्यात बर्फ-मिठात पुरलेले नारळाच्या आइस्क्रीमचे डबे. खाली नाहिन गाव, वर डोंगरात फूलोम. मध्ये अकरा किलोमीटर, त्यातले पाच भातखाचरांतून आणि उरलेले सगळे उभे. सत्तावीस वर्षं आठवड्यातून तीनदा तो वर जात होता. त्याची पितळी घंटा ऐकली की फूलोमची माणसं वाट्या घेऊन बाहेर पडायची. गेल्या मंगळवारी मात्र फूलोमने आइस्क्रीम खाल्लं नाही, प्यायलं. पावात घालून मागणाऱ्यांचे पाव भिजून लोळागोळा झाले. कुणी अवाक्षर काढलं नाही, आणि थोंगयोयला तेच जास्त लागलं.

"तुला एकसष्ट झाली, गाडीला चाळीस," त्याची बायको बुप्फा म्हणाली. "दोघांनाही चढावर दम लागतो. त्यात नवल ते काय?"

नवल होतं. कारण पंधरवड्यापूर्वीच लमुनच्या गॅरेजमध्ये इंजिन खोलून नवं करून घेतलं होतं. नवा पिस्टन, नव्या रिंगा, आणि जुन्या झाकणातून पेट्रोल सांडून विजारी खराब व्हायच्या म्हणून टाकीला नवं चकचकीत झाकण. दुसऱ्या दिवशी बुप्फाने गाडी विहारात नेऊन मोठ्या भन्तेंचा आशीर्वाद घेतला होता. भन्तेंनी गाडीभोवती एक फेरी मारली, पांढऱ्या गंधाचं बोट कुठे टेकवावं ते त्यांना कळेना. टाकी गंजलेली, दिव्याला तडा, गाडा आइस्क्रीमने चिकट. शेवटी त्यांनी नव्या झाकणावरच टिपक्यांचा त्रिकोण काढला आणि त्यावर सोन्याचा वर्ख दाबला. इतकं सगळं होऊन गाडी आधीपेक्षा वाईट झाली. इंजिन उघडलं तिथेच घोटाळा झाला, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

हे बोलणं लमुनच्या कानावर गेलं होतं आणि तिचा पारा चढला होता. लमुन चाळिशीची, बापाकडून तिला गॅरेजही मिळालं होतं आणि तिरसटपणाही. तीन वेळा तिने कार्बोरेटर खोलून साफ केला. प्लग बदलला. हवेची जाळी धुतली. सायलेन्सर काढून ठोकला, त्यातून चिमूटभर काजळी पडली. चाकं हाताने फिरवून बघितली, ब्रेक कुठे घासत नव्हता. क्लच घसरत नव्हता. दर वेळी ती भातखाचरांना एक वळसा मारून यायची आणि गाडी दर वेळी भिंगरीसारखी पळायची.

"काका, ही माझ्याकडे आली की शहाण्यासारखी वागते," ती म्हणाली. "तुम्हीच तिला काहीतरी करता."

"मी काय करणार? मी तिच्यावर बसतो."

लमुनने सवयीने टाकीचं झाकण उघडलं, गाडी हलवून आत पेट्रोल डचमळतंय का ते ऐकलं आणि झाकण परत लावलं. पेट्रोल बघितल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, ही बापाची शिकवण. मग ती गाडीभोवती पुन्हा एकदा फिरली आणि वैतागून दगडावर बसली.

"हिचं दुखणं घाटात आहे, तर घाटातच बघायला हवं. रविवारी मी तुमच्या मागे बसते."

"म्हणजे चढावर आणखी एक ओझं," बुप्फा म्हणाली.

"मावशी, तू गाड्यात बसतेस, तेव्हा कापसाची होतेस का?"

रविवारी फूलोमच्या विहारात चीवरदान होतं. वर्षावास संपला की भिक्खूंना नवी वस्त्रं द्यायची, आणि त्या दिवशी जो तो आपल्या हातचं काही ना काही लोकांना फुकट खाऊ घालतो. कुणी शेवया, कुणी पपईची कोशिंबीर. थोंगयोयचं आइस्क्रीम दर वर्षी ठरलेलं. पण या रविवारला आणखी एक गोष्ट चिकटली होती. त्याची मुलगी कन्लाया शहरातल्या इस्पितळात परिचारिका होती. आइस्क्रीम वितळल्याची बातमी तिच्यापर्यंत आइस्क्रीमपेक्षा लवकर पोचली आणि तिने फोन केला.

"बाबा, अपघाताच्या वॉर्डात मी रोज कुणाचे तरी बाबा बघते," ती म्हणाली. "घाटात बंद पडलेली गाडी आणि मागून येणारा ट्रक. पुरे आता. घरी बसा दोघं."

"गाडी दुरुस्त झाली आहे."

"मग ठरवू या. रविवारी आम्ही पिकअप घेऊन येतोय. तुझी गाडी न थांबता वर पोचली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. वाटेत थांबली, तर डबे पिकअपमध्ये आणि गाडी भंगारात. कबूल?"

थोंगयोय तोऱ्यात कबूल म्हणून बसला. फोन ठेवल्यावर तो हिशोब करत बसला. गाडी गेली तर फूलोम गेलं. वरच्या चौकातली ती फणसाची सावली, 'काका, शेंगदाणे जास्त' म्हणणाऱ्या बाया, तीस वर्षांची झालेली तरी अजून वाटी पुढे करणारी पोरं, हे सगळं गेलं. मग उरणार ओसरी, टीव्ही आणि बुप्फाचे टोमणे. टोमण्यांचं एवढं काही नव्हतं, ते तो गाडीवरूनही ऐकत असे. पण ओसरीची त्याला खरोखर भीती वाटली.

रविवारी सकाळी त्याने टाकी काठोकाठ भरली. गाड्यात तीन डबे, डब्यांच्या फटीत पावांची पिशवी, भाजलेले शेंगदाणे, चिकट भाताची टोपली आणि या सगळ्यात ठेवणीतला रेशमी झगा सांभाळत बसलेली बुप्फा. मागे लमुन, मांडीवर हत्यारांची पिशवी. भातखाचरांत कापणी चालली होती. माणसं कोयते उंचावून हाका मारत होती, बुप्फा हात हलवत होती आणि थोंगयोय कान इंजिनाला लावून बसला होता.

"छान चाललीय की," लमुन मागून ओरडली.

"अजून अकराच मिनिटं झाली."

चढ लागला. पहिलं वळण गेलं. पुढचं वळण दिसायला लागलं आणि थोंगयोयने मूठ आणखी पिळली, आणि गाडीने ते ऐकलं नाही. आवाज बारीक झाला. एक आचका. दुसरा. वळणाच्या बरोबर पोटात गाडी उभी राहिली.

लमुनने उडी मारून चाकामागे दगड सरकवला. थोंगयोयने मुकाट्याने टाकीच्या झाकणाला हात घातला.

"थांबा," लमुनने त्याचं मनगट धरलं. "काय करताय?"

"पेट्रोल बघतो."

"काठोकाठ भरलंय ना आज?"

"तरी बघतो. दर वेळी बघतो."

"आणि बघितल्यावर?"

"मग चालते."

लमुनने त्याचं मनगट सोडलं. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. तिने खाली वाकून टाकीला कान लावला. "आता उघडा. हळू. आणि मावशी, दोन मिनिटं बोलू नकोस."

थोंगयोयने झाकण फिरवलं. आत शिरणाऱ्या हवेचा एक लांबलचक सुस्कारा आला, चांगला दोन-तीन सेकंद. लमुन रस्त्यातच फतकल मारून बसली आणि हसायला लागली.

"काका, तुम्ही नारळवाले. एकाच भोकाचा नारळ उपडा केला तर पाणी येतं का?"

"घोटभर येतं. मग अडकतं. हवेला आत यायला दुसरं भोक लागतं."

"टाकीलाही लागतं. पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात बारीक भोक असतं. तुमचं भोक बंद आहे. पंधरा मिनिटं इंजिन ओढून ओढून घेतं, मग टाकी पेट्रोल सोडतच नाही. तुम्ही झाकण उघडता, हवा जाते, गाडी सुटते. आणि मी मूर्ख! माझ्याकडे आली की पहिलं काम काय करते? झाकण उघडते. रोग मीच घालवायचे आणि मग तीन दिवस रोग शोधत बसायचे." तिने झाकण हातात घेतलं, उन्हात तिरपं धरलं. भोकाच्या बरोबर वर टिपक्यांचा त्रिकोण होता, त्यावर वर्ख. "एवढ्याने बंद व्हायला नको होतं. गंध वाळलं की भेगा पडतात. पण यावर काहीतरी चकचकीत फासलंय. काय आहे हे?"

थोंगयोयने बायकोकडे बघितलं. ती पावांच्या पिशवीची गाठ सोडत होती, मग बांधत होती. त्याला आठवलं, आशीर्वादाच्या दिवशी संध्याकाळी ती गाडीपाशी उकिडवी बसली होती, हातात भाचीच्या लग्नातली नेलपॉलिशची बाटली. त्याला वाटलं होतं, पायाची नखं रंगवतेय.

लमुनने पिशवीतून बारीक तार काढली. "हे टोचलं की झालं."

"हात लावू नकोस त्याला," बुप्फा म्हणाली. "भन्तेंच्या हातचं आहे."

लमुनची तार हवेतच राहिली. तिच्या स्वतःच्या गॅरेजच्या चौकटीवर तसाच त्रिकोण होता आणि गेली वीस वर्षं त्यावर झाडू फिरवायचीही तिची टाप नव्हती. "तेही खरंच," ती म्हणाली आणि तिने तार खाली केली. "मी कार्बोरेटर खोलेन, आशीर्वाद नाही खोलणार."

"मग झाकण उघडं ठेवून जाऊ या," थोंगयोय म्हणाला.

"टाकी काठोकाठ आणि खाली तापलेलं इंजिन. वर आपण पोचू, पण भाजून."

थांबत थांबत जाणंही आता जमणार नव्हतं. फूलोमखालचा शेवटचा चढ भिंतीसारखा, तिथे तिघांना घेऊन थांबलेली भरली गाडी पुन्हा सुटत नाही. थोंगयोय टाकीला धरून उभा होता तोच खालून पिकअपचा भोंगा वाजला.

चालवत होता जावई. कन्लाया मागच्या उघड्या हौद्यात फुलांच्या टोपल्यांमध्ये बसली होती, कारण पुढे जावयाशेजारी मोठे भन्ते होते. त्यांना वर न्यायचं काम तिने आपणहून घेतलं होतं. पिकअप थांबली. कन्लायाने उभी राहून गाडी बघितली, दगड बघितला, बापाचा चेहरा बघितला. ओरडण्याची पूर्ण तयारी करून आली होती ती, पण तिचा आवाज निघाला तो मऊ.

"थांबली ना, बाबा."

"थांबली," थोंगयोय म्हणाला.

ती खाली उतरून पहिल्या डब्याच्या कडीला हात घालणार, तोवर भन्ते काठी टेकत जवळ आले. ब्याऐंशी वर्षांचे होते, पण गाडी बंद पडलेली दिसली की थांबून चौकशी करण्याची हौस त्यांना विशीतल्या पोरासारखी होती. लमुनने हात जोडून सगळं सांगितलं. टाकी, नारळ, भोक. आणि वरचा चकचकीत थर.

"तो मी लावला," थोंगयोय पटकन म्हणाला. "पावसाने पुसून जाऊ नये म्हणून."

"खोटं बोलतोय, भन्ते," बुप्फा गाड्यातून उतरत म्हणाली. "म्हाताऱ्या, निदान यांच्यासमोर तरी खोटं बोलू नकोस. मी लावली. नेलपॉलिश. दोन थर." आणि मग एकदा तोंड उघडलंच आहे तर सगळंच बाहेर आलं. "हा वर निघतो तेव्हा मी ओसरीवर उभी राहून घंटा ऐकते. गावाच्या वेशीपर्यंत ऐकू येते. पुढे काही नाही. दिवसभर मी काम करते पण कान इकडेच असतात. दर पावसाने गंध धुऊन जातं आणि मला वाटतं, आज याच्याबरोबर काहीच नाही. म्हणून लावली."

थोंगयोयने तिच्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षं ही बाई त्याला हसत, टोमणे मारत निरोप द्यायची आणि हे त्याला माहीत नव्हतं.

भन्तेंनी झाकण मागून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं. आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग सगळं चीवरच हलायला लागलं. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"पन्नास वर्षं टिपके लावतोय," ते म्हणाले. "गाडी गुदमरल्याची ही पहिली वेळ. ती इथून श्वास घेते हे मला कुणी सांगायचं की नाही? तार आण."

लमुनने तार थोंगयोयच्या हातात दिली, कारण बाईच्या हातून भन्ते काही घेत नाहीत, आणि थोंगयोयने ती दोन्ही हातांनी त्यांना दिली. भन्तेंनी ओठ हलवत, त्रिकोणाच्या बरोबर मधोमध तार टोचली. पॉलिशचा एवढासा कपचा उडाला. मग माणसांच्या डोक्यावर घालतात तशी त्यांनी झाकणावर फुंकर घातली, आणि खालून हात लावून हवा येते का ते बघितलं. येत होती.

"आता पूर्ण झाला आशीर्वाद," ते म्हणाले. "तेव्हा अर्धाच राहिला होता."

सगळ्यांनी हात जोडले. मग सगळ्यांनी कन्लायाकडे बघितलं. तिचा हात अजून कडीवर होता.

"थांबली ती थांबली," ती म्हणाली. भन्ते आकाशात काहीतरी बघू लागले, ते या भानगडीत पडणार नव्हते. कन्लायाने आईकडे बघितलं, मग लमुनकडे. लमुनने होकारार्थी मान डोलावली. "बरं. शेवटचा चढ. मी मागे आहे. तिथे आचका जरी दिला तरी माझं ऐकायचं."

गाडी निघाली. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं. थोंगयोय मनातल्या मनात मिनिटं मोजत होता, आणि आठवं मिनिट आलं तेव्हा त्याने श्वास रोखला. गाडीने नाही रोखला. नऊ. दहा. समोर शेवटचा चढ उभा राहिला. त्याने खालचा गियर टाकला, मूठ पिळली, आणि पंधरवड्यापूर्वी लमुनने घातलेल्या त्या नव्या पिस्टनने पहिल्यांदा आपली खरी ताकद दाखवली. गाडीने असा हिसका दिला की बुप्फाने डब्याला मिठी मारली.

"अरे हळू, माझा झगा!"

"हळू जमतच नाही आता," थोंगयोय ओरडला. मागे लमुन खदाखदा हसत त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. तिच्या इंजिनावरचा डाग पुसला गेला होता आणि हे ती उद्या बाजारात आणि घराघरात जाऊन सांगणार होती. चढ संपला तेव्हा पिकअप बरीच मागे राहिली होती.

विहाराच्या आवारात लांब ढोल वाजत होते. बाया दोन्ही हात नाचवत मिरवणुकीत पुढे सरकत होत्या. थोंगयोयने पहिल्या डब्याचं झाकण उचललं, पळी घातली. पळी आत जाईना. इतकं कडक आइस्क्रीम फूलोमने कधी बघितलं नसेल. त्याला दोन्ही हातांनी जोर लावावा लागला आणि तेवढ्यावरून त्याला इतका आनंद झाला की रांगेतल्या पहिल्या दहाजणांना त्याने दुप्पट वाढलं. जो येई तो विचारी, काय बिघडलं होतं? थोंगयोय म्हणे, एक बारीक भोक. बुप्फा पावावर शेंगदाणे पेरता पेरता प्रत्येकाला ठणकावून सांगे, "ते मी बुजवलं होतं. नेलपॉलिशने." तिसऱ्या-चौथ्या वेळी तर ती बाटलीचा रंगही सांगू लागली.

कन्लाया रांगेत उभी राहिली, पुढे न घुसता. तिची पाळी आली. तिने घास घेतला आणि गारठ्याने डोळे मिटले.

"आई, तू झाकण बंद केलंस," ती घास गिळून म्हणाली. "मी तर गाडीच बंद करायला निघाले होते."

बुप्फाने तिच्या पावावर आणखी मूठभर शेंगदाणे टाकले.

"पण भीती वाटते, बाबा. ती आज जाणार नाही."

"नाही जाणार," थोंगयोय म्हणाला. "तुझ्या आईचीही गेली नाही."

दुपारी डबे रिकामे झाले. भन्ते मुक्कामाला वरच राहिले. निघायच्या वेळी लमुन पिकअपमध्ये जावयाशेजारी जाऊन बसली, कारण पिकअपच्या इंजिनाचा आवाज तिला पसंत नव्हता आणि हे त्याला वाटभर ऐकवायचं होतं. कन्लाया मात्र आली ती सरळ गाड्यात चढली आणि रिकाम्या डब्यांमध्ये आईला खेटून बसली.

"बघ, कशी चालते," उतार लागल्यावर थोंगयोय मान मागे करून म्हणाला.

"उतारावर काय, कुठलीही गाडी पळते. पुढे बघ," कन्लाया म्हणाली. मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "मंगळवारी किती वाजता निघतोस?"

"सहाला."

"मी सुट्टी वाढवून घेते. मला चढावर बसायचंय तुझ्याबरोबर."

थोंगयोयने पितळी घंटा एकदा वाजवली.

"सहा म्हणजे सहा," मग तो म्हणाला. "झोपलीस तर सोडून जाईन. बर्फ वितळतो."